रत्नदुर्गाच्या टोकावरील दीपगृह : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

रत्नागिरीला पहिल्यांदा येणारा पाहुणा बहुधा भगवतीचे दर्शन घेतो, बालेकिल्ल्याच्या तटावरून समुद्राची छायाचित्रे काढतो, आणि परत निघताना दक्षिणेकडच्या टेकडीवर उभा असलेला मनोरा पाहून "तिकडेही जाऊन येऊ" असे म्हणतो. तोवर दीपगृहाचे फाटक बंद झालेले असते. ही चूक माझ्याही हातून झाली आहे. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना मोठ्या उत्साहाने घेऊन गेलो आणि फाटकाबाहेरूनच मनोऱ्याची उंची दाखवून त्यांना खाली आणावे लागले. दोष सर्वस्वी माझा होता, कारण वेळेचा फलक फाटकावर डोळ्यांसमोर होता आणि मी इथलाच असूनही तो कधी वाचला नव्हता. हा लेख मुख्यतः असा हेलपाटा टाळण्यासाठी आहे. वर गेल्यावर नेमके काय पाहायचे हे आधी ठाऊक असेल, तर तिथे मिळणारा थोडका वेळ वाया जात नाही, हे त्यामागचे दुसरे कारण.

आधी किल्ल्याची रचना समजून घ्यावी

रत्नदुर्ग म्हणजे एकच टेकडी नव्हे. तीन बाजूंनी समुद्र असलेल्या भूशिरावर घोड्याच्या नालेसारख्या आकारात हा किल्ला पसरलेला असून त्याचे तीन भाग मानले जातात : भगवतीचे मंदिर असलेला बालेकिल्ला, मधला वस्तीचा भाग म्हणजे पेठ किल्ला, आणि दक्षिणेच्या टेकडीवरचा दीपगृहाचा भाग. बालेकिल्ला आणि दीपगृह यांच्यामध्ये सखल भाग आहे, त्यामुळे एका माथ्यावरून दुसरा माथा हाकेच्या अंतरावर वाटला तरी खाली उतरून पुन्हा चढावे लागते आणि दोन्हींकडे जाणारे रस्ते वेगळे फुटतात. रिक्षात बसताना नुसते "किल्ल्यावर" असे सांगितले, तर आपल्याला भगवतीपाशी सोडले जाईल, कारण गावात या किल्ल्याला भगवतीचा किल्ला असेच म्हणतात. दीपगृहाकडे जायचे असेल तर "लाइट हाऊसला" असे स्पष्ट सांगावे. "दीपगृह" हा शब्द पाट्यांवर असतो, "बत्ती" हा शब्द जुन्या दर्यावर्दी मंडळींच्या तोंडी असतो, आणि रिक्षावाल्यांना "लाइट हाऊस" कळते.

किल्ल्याचा इतिहास इथे थोडक्यात पुरे. बहामनी काळात उभा राहिलेला हा किल्ला पुढे आदिलशाहीकडे गेला, शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये तो घेतला, नंतर तो आंग्र्यांच्या आणि पेशव्यांच्या ताब्यात राहिला, आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. दीपगृहासाठी हीच टेकडी का निवडली असेल, हे किल्ला इथे का बांधला याच प्रश्नाचे दुसरे रूप आहे. ज्या जागेवरून शत्रूचे गलबत लवकर दिसते, तीच जागा गलबतालाही लांबून दिसते. मग याहून कितीतरी उंच असलेल्या सह्याद्रीच्या एखाद्या शिखरावर दिवा का लावला नाही, असा प्रश्न एका शाळकरी मुलाने मला विचारला होता. किनाऱ्यापासूनचे अंतर हे एक कारण आहेच, पण दिवा फार उंचावर नेला की तो खालच्या ढगांत आणि धुक्यात सापडतो व गरजेच्या वेळीच दिसेनासा होतो. म्हणून दीपगृहाला जागा लागते ती पुढे आलेल्या भूशिराची आणि बेताच्या उंचीची.

दिवस आणि वेळ ठरवणे

अभ्यागतांना दीपगृहात सहसा दुपार उतरल्यावर, सूर्यास्ताच्या आधी, ठरावीक वेळच प्रवेश मिळतो. ही वेळ ऋतूनुसार, दुरुस्तीनुसार आणि वाऱ्यापावसानुसार बदलते. म्हणून रत्नागिरीत मुक्काम असेल तर आदल्या दिवशी फाटकापर्यंत जाऊन फलक वाचून यावा, किंवा मुक्कामाच्या ठिकाणी चौकशी करावी. त्याच दिवशी येऊन त्याच दिवशी परतणाऱ्याने मात्र दीपगृह हाच दिवसाचा खुंटा धरावा आणि बाकीचे सारे त्याभोवती बांधावे : सकाळी थिबा राजवाडा किंवा लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान, दुपारचे जेवण, तीनच्या सुमारास बालेकिल्ला, आणि प्रवेश सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे दीपगृहाच्या फाटकाशी हजर. शनिवार-रविवारी आणि नाताळाच्या सुट्टीत रांग लागते. वरच्या सज्जात एका वेळी मोजकीच माणसे मावतात, त्यामुळे उशिरा पोहोचलेल्यांना कधीकधी जिन्यातूनच परतावे लागते. नवरात्रात भगवतीला मोठी गर्दी असते आणि किल्ल्याकडची वाहतूक मंदावते. त्या दिवसांत देवीचे दर्शन हाच हेतू ठेवावा आणि दीपगृह पुढच्या खेपेला राखावे, असे माझे मत आहे.

महिन्यांपैकी ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर मला सर्वांत चांगले वाटतात. पावसाने धूळ बसलेली असते, डोंगरउतारावरचे गवत अजून पुरते वाळलेले नसते आणि क्षितिजाची रेघ सुरीने कापल्यासारखी स्पष्ट दिसते. ऑक्टोबरातले ऊन कडक असते, पण आपण दुपारनंतर जाणार असल्याने ते सोसण्यासारखे असते. डिसेंबर-जानेवारीत हवा सुखद असली तरी सूर्य लवकर मावळतो, डिसेंबरच्या आरंभी तर सहा वाजून गेल्यावर थोड्याच वेळात. एप्रिल-मेमध्ये उजेड सातपर्यंत टिकतो, परंतु दमट हवेमुळे लांबचे सारे धूसर होते.

दिवसाच्या वेळेचा वाऱ्याशीही संबंध आहे. शाळेच्या भूगोलात वाचलेले मतलई आणि खारे वारे इथे अंगावर अनुभवता येतात. पहाटे आणि सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, म्हणून तेव्हा पाणी शांत दिसते. दुपारी जमीन तापली की समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि आपण मनोऱ्यावर पोहोचतो नेमक्या त्याच वेळी तो जोरात असतो. टोपी आणि सैल ओढणी सांभाळण्याचा सल्ला यासाठीच आहे.

किल्ल्यापर्यंत पोहोचणे आणि सोबत काय न्यावे

कोकण रेल्वेचे रत्नागिरी स्थानक शहराबाहेर, कुवारबावच्या बाजूला आहे. तिथून आधी शहरात यावे आणि मग किल्ल्यासाठी रिक्षा ठरवावी. एस.टी. स्थानकापासून किल्ला जवळ आहे. रिक्षा ठरवताना जाणे, थांबणे आणि परत येणे असा एकत्र व्यवहार करावा, कारण संध्याकाळी वर रिकामी रिक्षा मिळेलच असे नाही. स्वतःचे वाहन असल्यास वस्तीतल्या अरुंद रस्त्यांवर सावकाश चालवावे आणि कोणाच्या दारासमोर गाडी लावू नये. पेठ किल्ल्यात लोक राहतात, ही गोष्ट पर्यटक फार लवकर विसरतात.

सोबत पाण्याची बाटली, सुटे पैसे आणि पायात पकड असलेली चप्पल किंवा बूट असावेत. प्रवेशशुल्क किरकोळ असते, मात्र कॅमेऱ्याचे शुल्क वेगळे असू शकते. जांभ्या दगडाचा पृष्ठभाग खडबडीत असल्याने कोरड्या दिवसांत पाय सहसा घसरत नाही. तोच दगड पावसात शेवाळला की भल्याभल्यांना बसवतो. पाठीवरची मोठी पिशवी नेऊ नये. नेलीच, तर खाली गाडीत ठेवावी, कारण मनोऱ्यातील जिन्यात तिची अडचण स्वतःपेक्षा मागच्या माणसाला जास्त होते. दुर्बीण असेल तर आठ पट मोठे दाखवणारी पुरते. याहून जास्त पटीची दुर्बीण वाऱ्यात हातात थरथरते आणि चित्र स्थिर राहत नाही. ड्रोन आणण्याचा विचार परवानगीशिवाय करूच नये. किनाऱ्यालगतचा हा भाग बंदराच्या आणि तटरक्षक दलाच्या कामाचा आहे.

मनोऱ्यात शिरल्यावर

आत शिरण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी : हे कामाचे ठिकाण आहे. दीपगृहे केंद्र सरकारच्या दीपगृह व दीपपोत महासंचालनालयाच्या अखत्यारीत येतात, आणि १९२७ च्या जुन्या दीपगृह कायद्याच्या जागी २०२१ मध्ये सागरी नौवहनाच्या साधनांविषयीचा नवा कायदा आला आहे. आपल्याला वर जाऊ देणे ही सवलत आहे, म्हणून कर्मचाऱ्याने "आता पुरे" म्हटले की वाद न घालता उतरावे.

जिना गोल फिरत वर जातो. चढताना दर फेरीला पायऱ्यांची आतली बाजू अरुंद होत असल्याने बाहेरच्या बाजूने, कठड्याला किंवा भिंतीला हात लावून चालावे. उतरणारी माणसे समोरून आली, तर रुंद जागी थांबून त्यांना वाट द्यावी. जिना संपल्यावर शेवटचा टप्पा बहुतेक दीपगृहांत उभ्या लोखंडी शिडीचा आणि डोके सांभाळून पार करण्याच्या झडपेचा असतो. इथे दोन्ही हात मोकळे हवेत. मोबाईल खिशात ठेवावा, चष्म्याला दोरी असल्यास उत्तम. लहान मुलांना मोठ्या माणसाच्या पुढे चढू द्यावे आणि उतरताना मोठ्याने आधी उतरावे, म्हणजे मूल घसरले तरी खाली कोणीतरी असते. अगदी लहान मुलाला कडेवर घेऊन शिडी चढण्याचा हट्ट करू नये. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि उंचीची भीती असणाऱ्यांनी मनोऱ्याच्या पायथ्याशी बसावे. टेकडी स्वतःच पुरेशी पुढे आलेली असल्याने तिथूनही तीन दिशांचा समुद्र दिसतो, आणि सज्जावरून जे दिसते त्यातले बरेचसे तिथेच मिळते.

वरच्या काचेच्या खोलीत भिंग आणि दिवा असतो, आणि ही खोली पाहण्याची संधी मिळाली तर ती समुद्रापेक्षाही आधी पाहावी. समुद्र उद्याही दिसेल. ऑगस्तँ फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने एका जाड भिंगाऐवजी काचेच्या त्रिकोणी पट्ट्या वर्तुळाकार रचून प्रकाश एका दिशेला वळवण्याची युक्ती काढली, आणि असे भिंग १८२३ मध्ये फ्रान्समधील कोर्दुआँच्या दीपगृहात पहिल्यांदा बसवले गेले. जगभरच्या दीपगृहांत पुढे हीच रचना पसरली. लांबून पाहणाऱ्याला फिरत्या भिंगाचा दिवा उघडझाप करतो असे वाटते, पण प्रत्यक्षात तो सलग जळत असतो. फिरते ते भिंग. त्याचा एकेक झोत आपल्या डोळ्यांवरून सरकून गेला की आपल्याला चमक दिसते. दिवसा भिंगाला पडदे का लावतात, हाही चांगला प्रश्न आहे. आतला प्रकाश बाहेर एकत्र करून पाठवणारे भिंग बाहेरचे ऊनही आत एकाच जागी एकवटते, आणि त्या उष्णतेने दिव्याचे सामान जळू शकते. भिंगाला बोट लावू नये हे सांगायला नको, तरीही दर खेपेला कोणीतरी लावतेच.

सज्जात उभे राहून काय पाहावे

सज्जाची एक फेरी ठरवून करावी. सुरुवात उत्तरेकडून करावी. समोर बालेकिल्ला आणि त्यातले भगवतीचे मंदिर, त्यापलीकडे मिऱ्याचा डोंगर. मिऱ्याच्या बाजूची वाळू फिकी असल्याने त्या किनाऱ्याला पांढरा समुद्र म्हणतात, तर दक्षिणेकडच्या मांडवीची वाळू काळसर आहे. एकाच शहराच्या दोन अंगांना असे दोन रंग असणे पाहुण्यांना नवलाचे वाटते. पूर्वेला, म्हणजे जमिनीच्या बाजूला, मिरकरवाडा बंदर आणि त्यामागे नारळींतून डोकावणारे शहर दिसते. होड्या कशा लागल्या आहेत, जाळे ओढत नेणारे ट्रॉलर कोणते आणि माशांच्या थव्याला जाळ्याने वेढणाऱ्या पर्ससीनच्या मोठ्या बोटी कोणत्या, हे इथून शांतपणे ओळखता येते. जून-जुलैमध्ये, म्हणजे १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात, हेच बंदर नांगरलेल्या बोटींनी गच्च भरलेले असते. दक्षिणेला काजळी नदीच्या खाडीचे मुख, आणि त्यापलीकडे सुरूच्या बनाची कड असलेला भाट्याचा लांबलचक किनारा.

उरली पश्चिम. तिथे पाहण्यासारखे काहीच नाही असे म्हणून लोक पाठ फिरवून स्वतःची छायाचित्रे काढतात, आणि मला ती सर्वांत चांगली दिशा वाटते. रत्नागिरीतून अगदी सरळ पश्चिमेला, जवळपास त्याच अक्षांशावर, सुमारे दोन हजार किलोमीटरवर ओमानमधील सलालाह हे बंदर आहे. मध्ये एकही बेट नाही. आपल्याकडे पाऊस आणणाऱ्या त्याच नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे सलालाहच्या डोंगरांवरही जून ते सप्टेंबर धुके आणि रिमझिम असते आणि वाळवंटाच्या कडेचा तो मुलूख तेवढ्यापुरता हिरवा होतो.

आपल्याला सलालाह अर्थातच दिसत नाही. मग किती दूरचे दिसते? याचा हिशेब सोपा आहे. समुद्रसपाटीपासून आपल्या डोळ्यांची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ३.५७ ने गुणावे. उत्तर म्हणजे क्षितिजाचे किलोमीटरमधील अंतर. भाट्याच्या वाळूवर उभ्या माणसाचे डोळे सुमारे १.६ मीटरवर असतात, तेव्हा त्याचे क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर येते. डोळे १०० मीटर उंचीवर गेले की तेच क्षितिज जवळजवळ ३६ किलोमीटरवर सरकते. समोरची वस्तू उंच असेल तर तिचाही हिशेब यात मिळवायचा : नऊ मीटर उंचीच्या डोलकाठीचे टोक आणखी सुमारे ११ किलोमीटर पलीकडूनही दिसू शकते. म्हणूनच दूरवरून येणाऱ्या जहाजाचा आधी वरचा भाग दिसतो आणि मग अंग वर येते. दुर्बिणीतून हे पाहण्यासाठी दहा मिनिटे एकाच ठिकाणी नजर ठेवावी लागते, आणि तेवढा धीर धरणाऱ्याला आकाशात स्थिर तरंगणारे काकणही बहुधा दिसते. काकण म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड. विटकरी अंगाची आणि पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार त्याहून लहान असते. दोघांत गोंधळ होऊ नये.

कठड्यावर बसू नये, त्यावरून वाकून खाली पाहू नये आणि हात बाहेर लांबवून मोबाईलने छायाचित्र घेऊ नये. खारी हवा लोखंडाला आतून खात असते. वरून रंग ताजा दिसतो म्हणून कठडा भक्कम आहे असे समजण्याचे कारण नाही. मनोऱ्याबाहेर टेकडीच्या कड्यालाही हेच लागू आहे, कारण जांभ्याच्या कडा वरून सपाट आणि खालून पोखरलेल्या असू शकतात.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर या काळात टेकडी अतिशय सुंदर आणि तितकीच बेभरवशाची असते. जोराचा वारा असला तर मनोरा बंद ठेवला जातो. ढग उतरले तर वर जाऊनही पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. छत्री नेऊ नये, ती उलटते. रेनकोट घालावा. वीज चमकू लागली की उघड्या माथ्यावर क्षणभरही थांबू नये आणि गाडी किंवा पक्के घर गाठावे.

रत्नागिरी वाटेवर नसल्यास

हाच अनुभव किनाऱ्यावर इतरत्रही मिळू शकतो. अलिबागच्या दक्षिणेला, रेवदंड्यासमोर कुंडलिकेच्या मुखाशी कोर्लईचा डोंगर आहे. त्याच्या उतारावरच्या दीपगृहाशेजारून पोर्तुगिजांच्या किल्ल्याकडे वाट चढते, त्यामुळे मनोरा आणि माथा असे दोन्ही एकाच फेरीत होते. चढणीचा खरा आनंद हवा असेल, तर मी कोर्लई आधी सुचवेन. शास्त्री नदीच्या मुखावर जयगड आहे, गुहागरजवळ अंजनवेलला गोपाळगडाच्या परिसरात टोळकेश्वराचे दीपगृह आहे, देवगडच्या किल्ल्यावरही आहे. खांदेरी बेटावरचे दीपगृह १८६७ मधले आहे, पण तिथे थळहून होडीने जावे लागते आणि समुद्राची मर्जी पाहावी लागते, म्हणून पहिल्याच खेपेला तो बेत आखू नये. वेळा आणि नियम प्रत्येक ठिकाणचे वेगळे असतात. इथले तिथे लावू नयेत.

खाली उतरल्यावर

दीपगृह पाहायला आलेले बहुतेक लोक दिवा लागलेला न पाहताच परततात, कारण अंधार पडण्यापूर्वी फाटक बंद होते. म्हणून रिक्षा थेट मुक्कामी न नेता मांडवीला किंवा खाडीपुलावरून भाट्याला न्यावी, वाळूवर किल्ल्याकडे तोंड करून बसावे आणि थांबावे. दिवा लागला की सेकंदाचे घड्याळ हाती घ्यावे. प्रत्येक दीपगृहाच्या चमकण्याची लय वेगळी ठेवलेली असते, आणि अंधारात खलाशी त्याच लयीवरून आपण कोणत्या भूशिरासमोर आहोत हे ओळखतो. उपग्रहावरून ठिकाण सांगणारी यंत्रे बोटींवर आली, तरी यंत्र बंद पडले की नजर याच दिव्याकडे वळते. एका चमकेपासून मोजायला सुरुवात करावी, चमकांचा तोच क्रम पुन्हा सुरू होईपर्यंत किती सेकंद गेले हे पाहावे, असे तीनदा करावे, आणि आकडा वहीत टिपून ठेवावा. पुढच्या खेपेला जयगडला किंवा देवगडला गेल्यावर तिथला आकडा त्याच्याखाली लिहिता येईल.